लांबलचक नॉर्वेजियन शब्द कुठे फोडायचा आणि जोर कुठे द्यायचा

नॉर्वेत राहायला आलेल्या माणसाच्या हातात पहिल्याच आठवड्यात एक शब्द पडतो : ऑपहॉल्सतिल्लातेल्से. म्हणजे वास्तव्याचा परवाना. रोमन लिपीत अठरा अक्षरं, मध्ये कुठे जागा नाही की जोडरेघ नाही. मी हा शब्द पहिल्यांदा एका कार्यालयाच्या खिडकीशी मोठ्यानं म्हटला तेव्हा त्याच्या सहाही अवयवांवर (अवयव म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा, एका स्वराभोवतीचा तुकडा) सारखाच जोर दिला. शिवाय मधला ‘स’ पुढच्या ‘त’ला चिकटवून ‘स्तिल’ करून टाकलं. खिडकीपलीकडच्या बाईंनी तीनदा ‘काय म्हणालात?’ असं विचारलं. शेवटी मी कागदच पुढे सरकवला. त्यांनी तो शब्द वाचला : ‘ऑप’वर दाबून, ‘तिल’वर जरासं टेकून, बाकी सगळं जवळजवळ गिळून. माझे सुटे उच्चार फार काही वाईट नव्हते. फोड चुकली होती आणि त्यामुळे जोरही चुकला होता.

हे दोन्ही एकाच कौशल्याचे भाग आहेत, आणि क्रम महत्त्वाचा आहे : आधी सांधा, मग अवयव, मग जोर. नवशिके उलट जातात. डावीकडून एकेक अक्षर जुळवत निघतात आणि तिसऱ्या अवयवापाशी दम लागतो.

लेखातले नॉर्वेजियन शब्द देवनागरीत, साधारण ऑस्लोकडच्या उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. नॉर्वेत बोलण्याची एकच एक अधिकृत प्रमाण पद्धत नाही. लिहिण्याची प्रमाण रूपं दोन आहेत, बूकमोल आणि नीनॉर्ष्क, पण बोलताना जो तो आपापल्या बोलीत बोलतो. काही स्वर देवनागरीत नीट बसत नाहीत. त्यांचा ‘वाय’ म्हणजे ओठ गोल करून म्हटलेली आपली ‘ई’, आणि तिरकी रेघ मारलेला ‘ओ’ म्हणजे ओठ गोल करून म्हटलेला ‘ए’. साधा ‘ओ’ पुष्कळदा ‘ऊ’ होतो : पुस्तक म्हणजे ‘बूक’, शाळा म्हणजे ‘स्कूले’. आणखी एक सूचना. इंग्रजी शब्दांतल्या ‘टी’साठी आपण सवयीनं ‘ट’ लिहितो, तसं इथे केलेलं नाही. नॉर्वेजियन ‘टी’ आपल्या ‘त’च्या जवळचा आहे, आणि ‘ट’ला तिथे वेगळं काम आहे. त्याकडे पुढे येऊ.

आपल्याला हे आधीच येतं

‘हातमाग’ हा शब्द मराठी न येणाऱ्या माणसाला वाचायला द्या. तो ‘हा-त-मा-ग’ म्हणेल, नाहीतर ‘हा-तमाग’. आपण ‘हात्‌-माग’ म्हणतो, कारण सांधा कुठे आहे ते आपल्याला ठाऊक असतं आणि त्या सांध्यापाशी ‘त’मधला ‘अ’ आपोआप गळतो. ‘देवघर’, ‘लोकसभा’, ‘पोळपाट’, सगळीकडे तेच. म्हणजे सांधा ओळखल्याशिवाय उच्चार ठरत नाही, ही गोष्ट मराठी माणसाच्या जिभेला नवी नाही.

समासही ओळखीचाच. ‘घोडेस्वार’ हा स्वार आहे, घोडा नव्हे; मुख्य पद शेवटी, आणि पहिल्या पदाचं रूप बदलून ‘घोडा’चं ‘घोडे’ झालेलं. नॉर्वेजियनमध्ये घोड्याचा नाल म्हणजे ‘हेस्तेस्कू’. ‘हेस्त’ म्हणजे घोडा, ‘स्कू’ म्हणजे जोडा, आणि मधला ‘ए’ फक्त सांधण्यासाठी. आपल्याकडे बोलताना दोन-तीन पदांवर भागतं. नॉर्वेजियन माणूस चार-पाच पदं सहज जोडतो आणि लिहिताना ती सलग लिहितो, एवढाच फरक.

पायरी पहिली : शेपटाकडून सुरुवात

शब्द उजवीकडून बघा. शेवटचं पद म्हणजे वस्तू, आधीची सगळी तिची विशेषणं. ‘बाणेहागेप्लस्स’ घ्या. शेवटी ‘प्लस्स’, म्हणजे जागा. कसली जागा? ‘बाणेहागे’तली, म्हणजे बालवाडीतली. ‘बाणेहागे’ म्हणजे ‘बाण’ (मूल), सांधणारा ‘ए’ आणि ‘हागे’ (बाग). बालवाडीत मुलासाठी राखलेली जागा. शब्दाचं लिंग ‘प्लस्स’चं, अनेकवचनाचा प्रत्यय ‘प्लस्स’ला.

शब्दकोशातही असंच शोधायचं. नॉर्वेजियन भाषा परिषद आणि बर्गन विद्यापीठ यांचा ‘बूकमोल्सऊर्बूका’ हा कोश इंटरनेटवर फुकट आहे, पण त्यात प्रत्येक जोडशब्द मिळणार नाही. मिळूच शकत नाही, कारण लोक रोज नवे घडवतात. शब्द सापडला नाही तर खचू नका. शेपटाचं पद शोधा, मग त्याच्या डावीकडचं.

पायरी दुसरी : ‘स’ पकडा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

नॉर्वेजियन पदं तीन प्रकारे जुळतात : काहीही न घालता, ‘ए’ घालून, किंवा ‘स’ घालून. या तिघांत ‘स’ आपल्या कामाचा, कारण तो बहुधा मोठ्या सांध्यावर उभा असतो. वाइनचा पेला म्हणजे ‘वीनग्लस्स’, मध्ये काही नाही. पण रेड वाइनचा पेला? ‘रोवीन्सग्लस्स’. एकदम ‘स’ आला. पहिली बाजू स्वतःच जोडशब्द झाली (‘रो’ अधिक ‘वीन’), म्हणून भाषेनं तिच्यामागे एक खुंटी ठोकली : इथपर्यंत एक गठ्ठा, इथून पुढे दुसरा. त्या ‘स’मुळे कळतं की हा लाल वाइनसाठीचा पेला आहे, लाल रंगाचा वाइनचा पेला नाही. दर वेळी असं होतंच असं नाही, पण होतं तेव्हा फार उपयोगी पडतं.

दुसरी खूण याहून भरवशाची. काही प्रत्यय असे आहेत की त्यांच्यानंतर दुसरं पद जोडायचं झालं तर जवळजवळ नेहमीच ‘स’ येतो : ‘-हेत’, ‘-निंग’, ‘-शून’, ‘-स्काप’, ‘-दूम’, ‘-तेत’, ‘-एल्से’. लांब शब्दात यांपैकी काही दिसलं आणि लगेच पुढे ‘स’ असला, तर तिथे बिनधास्त पेन्सिलीची उभी रेघ मारा.

हा ‘स’ नेहमी डावीकडच्या पदाचा. कामाची जागा म्हणजे ‘आर्बाइद्स|प्लस्स’, ‘आर्बाइद|स्प्लस्स’ नव्हे. माझ्या ‘स्तिल’चा घोटाळा नेमका हाच होता. ‘ऑपहॉल’ म्हणजे वास्तव्य, मग खुंटीचा ‘स’, आणि मग ‘तिल्लातेल्से’ म्हणजे परवानगी. सांधा ‘स’ आणि ‘त’च्या मध्ये आहे.

सांधा चुकला तर कधी कधी अख्खा ध्वनी बदलतो. नॉर्वेजियनमध्ये ‘एस-के’ या जोडीनंतर ‘आय’ किंवा ‘वाय’ आला की त्या जोडीचा उच्चार ‘श’ होतो. म्हणून बर्फावर घसरायच्या फळ्या लिहिताना ‘स्की’ आणि बोलताना ‘शी’. आता ‘आर्बाइद्सह्यिर्के’ हा शब्द बघा. उपासनेबरोबर इतर कामांसाठीही खोल्या असलेल्या आधुनिक चर्चला हा शब्द वापरतात. लिहिताना ‘एस’, ‘के’, ‘आय’ ओळीनं येतात, पण ‘स’ डावीकडचा आणि ‘के’ उजवीकडच्या ‘ह्यिर्के’चा, म्हणजे चर्चचा. इथे ‘श’ होत नाही. सांधा दिसला नाही तर तुम्ही ‘आर्बाइद-शिर्के’ म्हणाल, आणि समोरचा शिर्के कोण ते शोधत बसेल.

पायरी तिसरी : हरवलेलं व्यंजन

ही पायरी छोटी, पण चकवा मोठा. रात्र म्हणजे ‘नत्त’, शेवटी दोन ‘टी’. आगगाडी म्हणजे ‘तोग’. दोन्ही जोडले की तीन ‘टी’ व्हायला हवेत, पण तीन सारखी व्यंजनं ओळीनं लिहीत नाहीत, एक गाळतात. राहतात दोन. मग वाचणारा ‘नत-तोग’ म्हणून फोडतो आणि ‘नत’ काही कोशात सापडत नाही. फुटबॉलचा संघ म्हणजे ‘फूतबल्ल’ अधिक ‘लाग’, लिहिताना तीनऐवजी दोनच ‘एल’. बस आणि ‘स्तॉप्प’ जोडून झालेला बसथांबा, त्यातही दोनच ‘एस’.

नियम असा : एखादं पद कोशात सापडत नसेल आणि सांध्यावर जोडव्यंजन असेल, तर ते व्यंजन दोन्ही बाजूंना वाटून बघा. गंमत म्हणजे ओळीच्या शेवटी हाच शब्द तोडावा लागला तर गाळलेलं अक्षर परत येतं : वर ‘नत्त’ आणि जोडरेघ, खाली ‘तोग’.

पायरी चौथी : प्रत्येक पदाची जोराची जागा

‘नॉर्वेजियनमध्ये जोर पहिल्या अवयवावर असतो’ हे वाक्य पुष्कळ ठिकाणी भेटतं. अर्धं खरं आहे. जोडशब्दात मुख्य जोर पहिल्या पदावर असतो, आणि त्या पदात तो जिथे असायचा तिथेच राहतो. पहिलं पद अस्सल नॉर्वेजियन असेल तर ती जागा बहुधा पहिला अवयव. पण लॅटिन-फ्रेंचकडून आलेला शब्द असेल तर ती अनेकदा शेवटाला असते.

विद्यापीठाचं रुग्णालय : ‘ऊनिवॅषितेत्स-सीकेहूस’. आठ अवयव. ‘ऊनिवॅषितेत’चा जोर शेवटच्या ‘तेत’वर. म्हणून अख्ख्या शब्दाचा मुख्य जोर पाचव्या अवयवावर येतो, आणि आधीचे चार नुसती धावपट्टी. पोलीस ठाण्याच्या ‘पूलिती-स्ताशून’मध्ये जोर ‘ती’वर. मात्र ऑस्लोच्या पूर्वेकडच्या जुन्या वस्त्यांत आणि देशाच्या काही भागांत लोक अशा परक्या शब्दांचाही जोर पुढे ओढून पहिल्या अवयवावर आणतात. शिकणाऱ्यानं ते ऐकावं, कळून घ्यावं, आणि तूर्त कोशातल्या जागेवर राहावं.

दुसरा गट ‘बे-’ आणि ‘फॉर-’ या पुरवण्यांचा. ‘बे-’वर जोर पडत नाही. पैसे भरणं म्हणजे ‘बेतालिंग’, जोर ‘ता’वर, म्हणून पैसे भरायच्या कार्डाच्या ‘बेतालिंग्सकॉट्ट’मध्येही मुख्य जोर ‘ता’वरच. मुलं शाळेत जायला लागली की ‘फॉरेल्द्रेमोते’ची चिठ्ठी येते, म्हणजे पालकसभेची. ‘फॉरेल्द्रे’ म्हणजे आईवडील, जोर ‘एल’वर. पण आजी, ‘बेस्तेमूर’? इथे ‘बे-’ ही पुरवणी नाहीच. पद आहे ‘बेस्ते’, म्हणजे सर्वांत चांगली, अधिक ‘मूर’, म्हणजे आई. जोर थेट ‘बेस’वर. दिसायला सारखी सुरुवात, सांधा वेगळा. अशा ठिकाणी शंका आली तर नॉर्वेजियन अकादमीचा इंटरनेटवरचा कोश उघडावा. त्यात उच्चार दिलेले असतात.

पायरी पाचवी : वजन वाटणं

सांधे कळले, जागा कळल्या. आता वाटणी.

पहिल्या पदाच्या जोराच्या जागी पूर्ण वजन. नंतरच्या पदांच्या जोराच्या जागी कमी, पण ऐकू येईल इतकं. उरलेले अवयव आखूड आणि हलके. आपल्याला सगळ्यात जड जातं ते हे शेवटचं, कारण मराठीत कुठल्याही अक्षराला असं दुय्यम नागरिक करून टाकायची पद्धत नाही. आपण प्रत्येक अक्षराचा मान राखून बोलतो. नॉर्वेजियन ऐकणाऱ्याला मात्र त्यामुळे एकाऐवजी चार सुटे शब्द ऐकू येतात.

‘वजन देणं’ म्हणजे मोठ्यानं बोलणं असा समज करून घेऊ नका. इथे वृत्तांची शिकवणी कामाला येते. शाळेत लघू-गुरू पाडताना शिकलो होतो : दीर्घ स्वर असेल तर गुरू, किंवा ऱ्हस्व अक्षरापुढे जोडाक्षर आलं तर तेही गुरू. नॉर्वेजियनचा कायदा जवळपास तोच आहे, फक्त उलट दिशेनं : जोराचा अवयव गुरूच असला पाहिजे. एकतर स्वर लांबवा, नाहीतर स्वर आखूड ठेवून पुढचं व्यंजन दाबून धरा. तिसरा पर्याय नाही. छप्पर म्हणजे ‘ताक’, आणि आभार म्हणजे ‘तक्क’. (सुरुवातीच्या ‘त’सोबत थोडा श्वास सुटतो, जवळजवळ ‘थ’सारखा.) लिहिताना फरक एका ‘के’चा : व्यंजन दुहेरी असेल तर आधीचा स्वर आखूड. अपवाद ‘एम’चा. शब्दाच्या शेवटी ‘एम’ दुहेरी लिहीत नाहीत, त्यामुळे खोलीसाठीच्या ‘रूम्म’ या शब्दाला एकच ‘एम’, तरी स्वर आखूड.

हा नियम दुय्यम जोरालाही लागू. ‘बाणेहागे’त ‘बा’ लांब आणि ‘हा’सुद्धा लांब, ‘णे’ आणि ‘गे’ चटकन. ‘बाऽणे-हाऽगे’. दुसऱ्या ‘आ’ची लांबी खाल्लीत तर ऐकणाऱ्याला ‘हागे’ सापडत नाही. ‘-हेत’, ‘-दूम’, ‘-स्काप’ हे प्रत्ययही शब्दात असेच थोडं वजन घेऊन बसतात, जणू स्वतंत्र पदं असावीत.

एकच मुख्य जोर असणं हीच जोडशब्दाची ओळख आहे, म्हणून नॉर्वेजियन लोक शब्द तोडून लिहिणाऱ्यांवर खट्टू होतात. त्याला त्यांच्याकडे ‘सॅष्क्रीविंग’ असं नाव आहे, आणि त्यावरचे विनोद घरोघरी. ट्यूना माशाच्या तुकड्यांच्या डब्यावर ‘तूनफिस्क’ आणि ‘बीतेर’ सुटे लिहिले की अर्थ होतो ‘ट्यूना चावतो’. अननसाच्या चकत्या तोडून लिहिल्या की ‘अननस फोन करतोय’. भाजलेलं कोंबडीचं काळीज तोडलं तर ‘भाजलेली कोंबडी जिवंत आहे’. बोलताना दोन्ही पदांवर सारखा जोर दिला की आपणही हेच विनोद करत असतो, नकळत.

पायरी सहावी : सूर, आणि एक मोठी फसवणूक

ऑस्लोच्या बोलीत जोराचा अवयव अनेकदा खालच्या सुरात असतो आणि शब्दाचा शेवट वर चढतो. आपला कान उंच सुराला जोर समजतो. त्यामुळे नवा माणूस ऐकतो ‘बाणेहागे’, आणि शेवटचा ‘गे’ वर गेलेला पाहून तिथे जोर आहे असं ठरवतो. मग स्वतः बोलताना तिथेच दाबतो. मी महिनोनमहिने हे केलं. उपाय एकच : उंची विसरा, लांबी ऐका. कुठला अवयव जास्त वेळ घेतो, तिथे जोर. पश्चिमेकडे, बर्गन-स्तावांगरच्या बाजूला, जोराचा अवयव उलट वरच्या सुरात असतो. तिथे राहणाऱ्यांचा हा त्रास वाचतो.

नॉर्वेजियनमध्ये दोन सूरप्रकार आहेत. ‘लॉवेन’ एका सुरात म्हटलं तर ‘तो कायदा’, दुसऱ्यात म्हटलं तर धान्य-चाऱ्याचं कोठार. पहिला साधा, खालून वर. दुसरा वरून खाली येऊन पुन्हा चढणारा, मध्ये झोका असलेला. जोडशब्दाचा सूर साधारणपणे पहिल्या पदावरून ठरतो, आणि अख्ख्या शब्दाला सूर एकच. पहिलं पद एकाच अवयवाचं असेल तर मात्र सरळ नियम नाही. काही शब्द एका सुरात, काही दुसऱ्यात. माझं मत स्पष्ट आहे : पहिल्या वर्षी सुराच्या मागे लागू नये. सूर चुकला तरी संदर्भानं कळतं, आणि उत्तर टोकाच्या बऱ्याच बोलींत तर हा भेद पाळतच नाहीत. जोर चुकला तर मात्र काहीच कळत नाही.

आपल्या ‘ट-ड-ण-ळ’चा फायदा

इतर देशांतून आलेली मंडळी जिथे घाम गाळतात तिथे आपण फुकटात पास होतो. ऑस्लोकडे ‘आर’नंतर ‘टी’, ‘डी’, ‘एन’, ‘एल’, ‘एस’ आला की दोघं मिळून एकच मूर्धन्य ध्वनी होतो. मूल म्हणजे लिहिताना ‘बार्न’, बोलताना चक्क आपला ‘बाण’. कार्ड म्हणजे ‘कॉर्त’, बोलताना ‘कॉट्ट’. मोती ‘पॅर्ले’, बोलताना ‘पॅळे’. ‘नॉर्स्क’चं ‘नॉर्ष्क’ झालेलं वर वाचलंतच. नीट ऐकलं तर त्यातला ‘र’सुद्धा ‘ष’मध्ये विरतो, ‘नॉष्क’. म्हणून सुरुवातीला म्हटलं की ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ठेवा.

हा बदल सांध्यापलीकडेही उडी मारतो. नॉर्वेची संसद म्हणजे ‘स्तूर’ (मोठी) अधिक ‘तिंग’ (सभा). बोलताना ‘स्तूटिंग’. आपल्या संधीसारखंच : डोळ्यांना दोन पदं, जिभेला एक ध्वनी. म्हणजे कागदावर सांधा शोधायचा, पण बोलताना तिथे थांबायचं नाही. नवशिके सांधा सापडल्याच्या आनंदात तिथे श्वास घेतात. तो श्वास शब्द पुन्हा तोडतो. बर्गन-स्तावांगरकडे ‘र’ घशातून काढतात आणि हे मूर्धन्य ध्वनी होत नाहीत. तिथे ‘बाण’ सोडा, ‘बार्न’च म्हणा.

ओळीच्या शेवटी तोडताना

लिहिताना नियम थोडके. जोडशब्द असेल तर सांध्यावर तोडा. साध्या शब्दात शेवटचं एक व्यंजन खालच्या ओळीत न्या : ‘का-के’, ‘कस-ते’, ‘हॉप-पे’. ज्या अक्षरांची जोडी मिळून एकच ध्वनी होतो, जसा ‘शून’मधला ‘श’, ती फोडू नका. आणि दोन जोडशब्दांचं शेपूट समान असेल तर पहिल्याचं गाळून जोडरेघ लटकती ठेवतात : ‘सॉमेर- ऑ विंतेरदेक्क’, म्हणजे उन्हाळी आणि हिवाळी टायर. ती लटकती रेघ तुम्हाला सांधा आयता दाखवते. वर्तमानपत्र वाचताना अशा रेघा शोधणं हा चांगला गृहपाठ आहे.

नियम जिथे चालत नाही

संख्या. बावन्न म्हणजे ‘फेम्तितू’, आणि जोर शेवटच्या ‘तू’वर. १९५१ पासून नॉर्वेनं अधिकृतपणे ‘पन्नास-दोन’ हा क्रम घेतला. त्याआधी आपल्या ‘बावन्न’सारखं ‘दोन आणि पन्नास’ म्हणत. वयस्क मंडळी अजूनही म्हणतात. काही गावांची नावंही उलटी : राजा चौथ्या क्रिस्तियाननं १६४१ मध्ये वसवलेलं क्रिस्तियान्सन, जोर शेवटच्या ‘सन’वर. गुड फ्रायडे म्हणजे ‘लांगफ्रेदाग’, जोर ‘फ्रे’वर. असे शब्द भेटतील तसे पाठ करायचे.

आता साठ अक्षरांचा राक्षस

नॉर्वेजियनमधला सर्वांत लांब शब्द म्हणून हौशी लोक हा पुढे करतात. रोजच्या बोलण्यात त्याला कोणी हात लावत नाही, पण सरावाला नामी आहे : ‘मिनोरितेत्सलाद्‌निंग्सबॅरेरदिफ्युशून्सकोएफिसिएन्तमोलिंग्सआपारातूर’. रोमन लिपीत साठ अक्षरं, बावीस अवयव.

शेपूट : ‘आपारातूर’, उपकरणसंच. आता प्रत्ययांची खूण लावा. ‘-तेत’ नंतर ‘स’. ‘-निंग’ नंतर ‘स’. ‘-शून’ नंतर ‘स’. ‘मोलिंग’ नंतर ‘स’. चार खुंट्या बसल्या जागी सापडल्या. उरले दोन सांधे, जिथे काहीच घातलेलं नाही : ‘बॅरेर’ आणि ‘दिफ्युशून’च्या मध्ये, आणि ‘कोएफिसिएन्त’ आणि ‘मोलिंग’च्या मध्ये. एकूण सात पदं. अर्थ लावू : अर्धवाहकातल्या अल्पसंख्य विद्युतभार वाहकांचा विसरण गुणांक मोजण्याचा उपकरणसंच. मराठीत सात-आठ सुटे शब्द लागले, एवढंच.

जोराच्या जागा : ‘मिनोरितेत’चा ‘तेत’, ‘लाद्‌निंग’चा ‘लाद’, ‘बॅरेर’चा ‘बॅ’, ‘दिफ्युशून’चा ‘शून’, ‘कोएफिसिएन्त’चा ‘एन्त’, ‘मोलिंग’चा ‘मो’, ‘आपारातूर’चा ‘तूर’. मुख्य जोर पहिल्या पदाच्या ‘तेत’वर, म्हणजे चौथ्या अवयवावर. बाकी सहा ठिकाणी फक्त टेकायचं. ‘बॅरेर’चा ‘र’ आणि पुढचा ‘द’ ऑस्लोच्या जिभेवर मिळून ‘ड’ होतील. आधी सातही पदं टाळी वाजवत सुटी म्हणा. मग शेवटून जोडत चला : ‘आपारातूर’; ‘मोलिंग्स-आपारातूर’; ‘कोएफिसिएन्त-मोलिंग्स-आपारातूर’. शेवटून जोडल्यामुळे प्रत्येक वेळी तुम्ही पाठ झालेल्या भागाकडे जाता, आणि श्वास पुरतो. प्रत्येक नवं पद पुढे लागलं की मुख्य जोर त्याच्याकडे सरकतो आणि कालचा राजा आज दुय्यम होतो. हे सरकणं जिभेला कळलं की काम झालं.

घरचा अभ्यास

ऑस्लोच्या भुयारी रेल्वेत बसा आणि स्थानकांची नावं ऐका. ‘येर्नबानेतॉर्गे’ : ‘येर्न’ लोखंड, ‘बाने’ मार्ग, ‘तॉर्ग’ चौक. लोहमार्ग चौक. मुख्य जोर पहिल्यावर, मग ‘तॉर्ग’वर टेकणं. शेवटी लिहिलेला ‘टी’ बोलत नाहीत. आणि ‘र्न’चं काय होतं ते आता तुम्हीच ऐका. फोनवर आपला आवाज टेप करून लगोलग मूळ आवाजाशी ताडून बघा. लाज वाटते, पण दुसरा गुरू नाही.

मग हे तीन शब्द पेन्सिल घेऊन सोडवा. दाताच्या डॉक्टरची वेळ : ‘तन्नलेगेतीमे’. आग विझवायचं यंत्र : ‘ब्रन्नस्लुकनिंग्सआपारात’. आणि ‘फ्येल्लन्‌स्काप’, लिहिताना दोन ‘एल’, ‘फ्येल्ल’ म्हणजे डोंगर.

पहिल्यात ‘तन्न’, ‘लेगे’, ‘तीमे’. दात आणि डॉक्टर आधी जुळतात, वेळ नंतर, आणि मुख्य जोर दातावर. दुसऱ्यात ‘-निंग’नंतरच्या ‘स’नं मोठा सांधा दाखवलाच, मुख्य जोर ‘ब्रन्न’वर, मग ‘स्लुक’, मग शेवटचा ‘रात’. तिसऱ्यात तिसरी पायरी वापरली असेल तर ‘फ्येल्ल’ अधिक ‘लन्‌स्काप’ निघेल, डोंगराळ निसर्गदृश्य. शेवटचा ‘स्काप’ वेगळा काढून कोश उघडला असेल, तर तुमच्या वहीत आत्ता डोंगराळ मुलुखाचं कपाट लिहिलेलं असेल, कारण नुसत्या ‘स्काप’चा अर्थ कपाट.